कोरडं माणखार

या, असे पुढं सरका. खांबाआड बसलेल्यांनीही जवळ या. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. टाळ खाली ठेवा, हात मोकळे असू द्या. कीर्तनात बुवा आधी अभंग घेतात, मग त्याचा अर्थ सोडवतात आणि दृष्टांत देतात. आज मी नुसता दृष्टांत सांगणार आहे. अर्थ तुम्ही सोडवा. मला तो अजून सुटलेला नाही.

धावटी खाडीच्या दोन काठांवर दोन गावं होती. दक्षिणेला माणखार, उत्तरेला आंबेखार. दोन्ही खारजमिनीवरची. म्हणजे कधीकाळी जिथं भरतीचं पाणी खेळायचं, तिथं कुणा आज्या-पणज्यांनी चिखलाचा लांबच लांब बांध घातला, समुद्राला बाहेर उभं केलं आणि आत भात पेरलं. उधाणाला बांधाबाहेरचं पाणी घरांच्या ओट्यांपेक्षा उंच असायचं. परका माणूस ते बघून घाबरायचा. गावातली माणसं त्याच बांधावर बसून बोंबील सुकवायची.

बांधाला भगदाड पडलं, तर त्याला खांड म्हणतात. खांड पडली की शंख वाजायचा. दोन्ही काठांना मिळून शंख एकच, माणखारच्या म्हात्र्यांच्या घरातला. त्याच्या तोंडाशी टवका उडालेला, त्यामुळं आवाज मध्येच चिरका व्हायचा. तो आवाज आला की दोन्ही गावांनी हातातलं टाकून निघायचं. जमिनीचं भांडण असो, मोडलेलं लग्न असो, खांडीला वैर नाही. एका वर्षी तर आंबेखारचा नवरामुलगा मुंडावळ्यांसकट माणखारच्या खांडीत उतरला होता. मुहूर्त टळला; नवरीकडचे कुणी रागावले नाहीत, कारण नवरीचा बापही त्याच चिखलात होता.

त्या म्हात्र्यांच्या घरचे हसुरामबुवा. काय कीर्तन करायचे हो! आवाज खर्जातला, खडबडीत, पण नामाशी आला की लोण्यासारखा. डावा हात खांद्याच्या वर जायचा नाही, म्हणून चिपळ्या उजव्याच हातात. तो हात गेला आंबेखारच्या खांडीत. तिथला हिराजी पाटील धारेत घसरला, तेव्हा बुवांनी एका हातानं बांधाचा खुंटा धरला आणि दुसऱ्या हातानं हिराजीला. खांदा निखळला, पण हिराजी सुटला नाही. पुढं म्हातारा होऊन, आपल्या अंथरुणावर तो गेला. त्याच घरात, हिराजीच्या मुलाला, परेशला, बुवांनी आपली एकुलती एक लेक हर्षाली दिली.

बुवांच्या कीर्तनात एक वाक्य नेहमी यायचं. गायन थांबवून, सगळ्यांकडं बघत ते विचारायचे, "देव कुठं हाय?" मग सांगायचे, "खांडीत उभ्या माणसाच्या कमरेला जो चिखल लागतो ना, त्यात. आणि खांड कुणाची, असं जो विचारतो, त्याला चिखल लागत नाय आणि देवही लागत नाय." दोन्ही गावांतलं पोरगंसुद्धा हे वाक्य पाठ म्हणायचं.

एवढं ध्यानात ठेवा. आता यंत्राकडं येतो.

त्या वर्षांत किनाऱ्यावरच्या प्रत्येक खाडीला एक पाणीसेविका नेमलेली असायची. अंगणवाडीला सेविका असते, तशी. किनारा केंद्रातलं एक यंत्र समुद्राच्या पातळीचं भाकीत करायचं, आणि ते गावाला समजावून सांगायचं काम सेविकेचं. धावटीची सेविका आमची हर्षाली. यंत्राचं सरकारी नाव सागरमान. पण आंबेखारच्या पोशानानांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, "यंत्रबुवा! आता खाडीला दोन बुवा झाले. एक गातो, एक भितो."

हर्षालीनं दोन्ही गावं माणखारच्या बापदेवाच्या मंडपात बसवली आणि काठोकाठ भरलेली परात हातात घेतली.

"समुद्र सपाट असतो असं कोण म्हणतं?"

"मी म्हणतो," पोशानाना म्हणाले. "माझ्या होडीला कधी चढ लागला नाय."

"ही परात घेऊन वळते, बघा." ती गर्रकन वळली. पाणी एका काठाला चढलं आणि पोशानानांच्या धोतरावर पडलं. सगळा मंडप हसला. "वळणाऱ्या गोष्टीत पाणी एका अंगाला चढतं. पृथ्वी तर सतत फिरतेय. म्हणून आपल्या अर्ध्या गोलात वाहणारा प्रवाह उजवीकडं ओढ घेतो. दसऱ्यानंतर वारा फिरतो, किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडं वाहायला लागतो. येताना दक्षिणेचं कोमट, हलकं पाणी आणतो. त्याच्या उजव्या अंगाला कोण?"

"आपण," कुणीतरी म्हणालं.

"आपण. म्हणून हिवाळ्यात समुद्र आपल्या काठाला थोडा चढून असतो. हे जुनंच आहे. नवीन काय, तर समुद्र तापलाय. तापलेलं पाणी फुगतं. वरवर नाही, खोलवर तापलंय, म्हणजे सबंध समुद्रच वीतभर वर आलाय. आणि तिसरी गोष्ट. विषुववृत्तावरचे वारे चुकले की तिथं कोमट पाण्याचा उंचवटा तयार होतो. लाट म्हणू नका, डोळ्यांना दिसत नाही. शेकडो कोस पसरलेला आणि उंची जेमतेम वीतभर. तो सरकत सरकत सुमात्राच्या काठाला लागतो, तिथून किनाऱ्याचा हात धरून बंगालच्या उपसागराला वळसा घालतो, लंकेवरून आपल्याकडं वर येतो. वाटेत त्याला कुणी अडवत नाही."

"आणि यंत्रबुवाला तो दिसतो?"

"समुद्रात हजारो तरंगते खांब सोडलेत. ते खोल बुडी मारतात, पाण्याची ऊब मोजतात, वर येऊन कळवतात. उपग्रह वरून उंची मोजतात. यंत्र दोन्हीची सांगड घालतं. उंचवटा निघालाय, नाना. दत्तजयंतीच्या उधाणाला तो आपल्या दारात असेल. तापलेल्या समुद्राची वीत, त्याची वीत, आणि वर पौर्णिमेची भरती."

आता मंडपात कुणी हसलं नाही.

बांध उंच करता आला नसता का, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनी विचारलं. पण खारबांध रोवलेला असतो लोण्यासारख्या चिखलात. घाईनं वर माती टाकली तर तो स्वतःच्याच वजनानं खाली बसतो. यंत्रानं शेकडो तऱ्हांनी हिशेब करून पाहिला, उत्तर एकच. दोन्ही बांध राखायला गेलात, तर खाडीतलं पाणी कोंडून चढेल आणि कमजोर बांध आंबेखारचा, तो आधी जाईल. मात्र माणखारचा बांध आधीच उघडून दिला, तर पाणी तिथल्या शेतांत पसरेल, खाडी उतरेल आणि आंबेखार वाचेल. माणखारच्या पाठीला टेकडी आहे, माणसांना वर जाता येतं. आंबेखारला पाठ नाही; मागंही खाडीच.

हे मंडपात सांगायच्या आधी हर्षाली बापाकडं गेली. बुवा बांधाच्या उघाडीपाशी, पाणी सोडायच्या दारापाशी, शेवाळ खरवडत बसले होते.

"बाबा, एक काठ सोडावा लागेल म्हणतं."

"कोण म्हणतं? यंत्र का तू?"

"यंत्र म्हणतं. ते तुमच्यापाशी म्हणायला मी आलेय."

बुवांनी शेवाळाचा गोळा पाण्यात टाकला. "आपला?"

"आपला."

"तुझा कुठला गो आता आपला?" ते हसले, पण हसू लवकर संपलं. "सुगंधाबाई कशी हाय?"

सुगंधाबाई म्हणजे हर्षालीची सासू, हिराजीची बायको. अर्धांगवायूनं कमरेखालचं अंग गेलेलं. दाराशी खाट टाकून, खाडीकडं तोंड करून पडलेली असायची.

"आहे तशीच. बाबा, मी त्यांच्यासाठी नाही सांगत."

"सांग की त्यांच्यासाठी. यंत्राला नको सांगू, मला सांग. माणसासाठी मागितलं तर द्यायला सोपं जातं." मग ते पुन्हा शेवाळ खरवडायला लागले. "चुकतं का गो ते?"

"मी तीन हिवाळे बघतेय. बोटभर इकडं-तिकडं. जास्त नाही."

"देवसुद्धा एवढा पक्का नसतो," बुवा म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी माणखारला कीर्तन केलं. त्या कीर्तनाबद्दल मी जास्त सांगत नाही. सांगायला गेलो तर गोष्ट तिथंच थांबेल. जन्मभर खांड बुजवायला शिकवलेल्या माणसानं आपल्या हातानं खांड पाडायला गाव तयार केलं. शेवटच्या नामाला माणसं रडत होती आणि टाळ चुकत नव्हते. माणखार टेकडीवरच्या पत्र्याच्या वसाहतीत गेलं. कुणी दारं उचकटून नेली, कुणी देव्हारा. एका म्हातारीनं उंबरठा खणून डोक्यावर घेतला.

जाताना बुवांनी शंख फडक्यात गुंडाळून लेकीच्या हातात दिला.

"हा घेऊन जा. त्या दिवशी माझ्याजवळ राहिला, तर माझा हात माझ्याजवळ राहायचा नाय."

हर्षालीनं तो आंबेखारला नेला आणि भाताच्या कणगीत, तळाशी पुरला. भातात हात घालताना शंखाच्या पोकळीत वारा शिरला आणि हुंकारासारखा आवाज आला.

"काय लपवतेस गो बाय?" दाराशी खाटेवरून सासूनं विचारलं.

"काही नाही आई. बियाणं आहे."

"बियाणं बोलत नसतं," सुगंधाबाई म्हणाली, आणि पुढं काही विचारलं नाही. सासू-सुनेचं गूळपीठ होतं. परातीचा तो प्रयोग हर्षालीनं पहिल्यांदा केला तो सासूच्या खाटेपाशी. पाणी सांडलं ते सासूच्या गोधडीवर. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं होतं आणि सुनेला परत म्हणून दाखवलं होतं, कुठं चुकलं नव्हतं.

पण आंबेखार बिघडलं होतं. वाचणारं गाव कसं असतं ते तुम्ही पाहिलं नसेल. कुणी मोठ्यानं बोलेना. पिठाच्या गिरणीत हर्षाली गेली की बायका गप्प व्हायच्या आणि पाठ फिरली की एखादी म्हणायची, "बरी हो लेक! सासर राखलं, माहेर भरतीला दिलं." परेशचं जेवण तुटलं. "तुझ्या बापाच्या घरात पाणी शिरणार आणि मी इथं बसून भात खाणार," तो म्हणायचा. "मला सांग, कसा खाऊ?"

"खायचा. आणि त्या दिवशी आपल्या बांधावर उभं राहायचं, खेकड्यांची बिळं तुडवायची. उधाणाला एक बीळ पुरतं. तेवढंच काम आहे तुला."

"आणि तिकडं?"

"तिकडं काही करायचं नाही, परेश. काहीच करायचं नाही, हेच काम."

दत्तजयंतीला पहाटेच्या ओहोटीत केंद्राच्या पोकलेननं माणखारचा बांध कापला. काप अरुंदच ठेवला होता; वाडकर नावाच्या इंजिनीअरनं सांगितलं होतं की पाणी आत पडायला लागलं की तेच खांड रुंद करत जाईल, शेजारी-शेजारी पाच होड्या जातील एवढी. मग पोकलेन टेकडीच्या पायथ्याशी नेलं. भरती लागली. पहिलं पाणी आत आलं ते अगदी लाजत, जिभेसारखं. मग त्याला आवाज फुटला.

हर्षाली तिथंच उभी होती, सेविकेचं काम म्हणून. बुवा कापाशेजारी बांधावर मांडी घालून बसले होते, घरात कुणी गेल्यावर बसतात तसे. टेकडीवरून माणखार बघत होतं. समोरच्या काठावरून आंबेखार बघत होतं.

समोर काय झालं, ते परेशनं पुढं सांगितलं. आपल्या बांधावर उभं राहून ती माणसं बघत होती. तपकिरी पाणी कापलेल्या भाताच्या सडांवरून गेलं, खळ्यात शिरलं, मग बापदेवाच्या मंडपाकडं वळलं. ज्या जागी बसून कीर्तन ऐकलं त्या जागेकडं. एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "खांड पडलीय आणि आपण उभं राहून बघतोय! कशाला जगवताय आम्हाला?" पोशानाना म्हणाले, "शंख तर वाजलेला नाय." आणि परेश घराकडं धावला. शंख शोधायला नव्हे, असं तो सांगतो. डोळ्यांसमोरून ते जावं म्हणून.

दाराशी खाटेवर सुगंधाबाई उशांना टेकून उठून बसली होती.

"पडली का खांड?"

"पाडलीय आई. ठरल्याप्रमाणं."

"आणि तू इथं काय करतोस?"

"आई, हर्षालीनं सांगितलंय, की..."

"मला ठाव हाय काय सांगितलंय. माझ्या गोधडीवर सांडलंय तिनं ते. हसुरामचा डावा हात वर का जात नाय रं?"

परेश खाटेच्या पायथ्याशी टेकला.

"विचारतेय मी."

"बाबांना धरलं म्हणून."

"कणगीत हाय. तळाला." म्हातारीनं तोंड खाडीकडं वळवलं. "मला उठता येत नाय म्हणून तुला सांगावं लागतंय. जा."

"तुला उचलून नेऊ का?"

"मला उचलायला चार माणसं लागतील. ती चार खांडीत घाल. खाट कुठं पळत नाय माझी."

माणखारच्या बांधावर बसलेल्या बुवांनी चिरका आवाज ऐकला आणि मान वर केली. कुणाच्याही आधी त्यांनी ओळखला. पन्नास वर्षं तो त्यांच्या ओठांना लागलेला होता.

"हा माझा शंख हाय," ते म्हणाले. मग लेकीकडं बघितलं. "कुठं ठेवला होतास?"

"घरात."

"कुणाच्या?"

हर्षाली समोरच्या काठाकडं बघायला लागली.

तोवर होड्या सुटल्या होत्या. आंबेखारच्या सगळ्या. बायका, म्हातारे, कालच लग्न झालेले, शाळेचे मास्तर. पेंढ्याचे भारे, गोणी, चिखलाचे काढलेले ढेकूळ. शंख ऐकून टेकडीवरचं माणखारही धावत खाली आलं. इतके दिवस धरून ठेवलेली माणसं, त्यांना कोण धरणार? खांड अजून रुंद झाली नव्हती. पोशानाना पहिले उतरले, छातीएवढ्या धारेत, त्यांच्या दंडात दुसऱ्याचा दंड, त्यात तिसऱ्याचा. माणसांची भिंत आणि भिंतीआड पेंढा, पेंढ्यावर चिखल. ही विद्या त्यांना पोटातून येते.

बुवा धावत गेले. "मागं फिरा! अरे, ही पडलेली खांड नाय, पाडलेली हाय! तुमच्यासाठी पाडलीय!"

"ठाव हाय, बुवा!" पोशानाना धारेतून ओरडले. त्यांचे डोळे वाहत होते. "म्हणूनच आलोय!"

"तुमचा बांध जाईल! माणसं हायेत तिकडं!"

"देव बघेल तिकडचं. तुम्हीच सांगितलंय, खांड कुणाची असं विचारू नका!"

"मी खोटं सांगितलं!" बुवा ओरडले. जन्मात त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. "ऐका रं, चाळीस वर्षं खोटं सांगितलं मी तुम्हाला!"

धारेतली माणसं एकमेकांकडं बघून रडायला लागली. "बघा माउली," एक बाई चिखलाचा ढेकूळ पुढं देत म्हणाली, "स्वतःचं घर बुडतंय आणि आमच्यासाठी स्वतःच्या कीर्तनाला खोटं म्हणतोय. असा माणूस परत मिळायचा नाय." आणि नाम सुरू झालं. हात दुप्पट वेगानं चालायला लागले. बुवा जेवढे विनवत होते, तेवढी खांड लवकर भरत होती.

हर्षालीनं परेशला गर्दीत शोधलं. त्याच्या गळ्यात शंख लटकत होता.

"आईंना आणलंस?"

"आई म्हणाली, जा."

"आणि बांधावर कोण आहे?"

त्यानं मागं वळून पाहिलं. समोरच्या काठावर कुणीच नव्हतं.

हर्षाली लोकांना पाण्याची उंची ओरडून सांगत होती. फोनवर यंत्राचे आकडे दर थोड्या वेळानं येत होते आणि एकही चुकत नव्हता. एक म्हातारा तिच्या डोक्यावरून मायेनं चिखलाचा हात फिरवत म्हणाला, "पोरी, यंत्र सांगतं ते खरंच असेल. पण आपण माणसं हाव." तिनं वाडकरांना फोन लावला. पोकलेन पायथ्याच्या चिखलात रुतलं होतं. "भरती लागली आता," वाडकर म्हणाले. "तिथवर येणं शक्य नाही. तुम्ही लोकांना थांबवा ना!"

मग तिनं पाहिलं, की बुवांनी कुणाच्या तरी हातातलं फावडं घेतलंय आणि भरलेल्या खांडीवर, एका हातानं, ताज्या चिखलात ते मारतायत. एक घाव. दुसरा. तिसऱ्याला त्यांच्याच टाळकऱ्यांनी त्यांना उचललं. अगदी हलक्या हातानं. बाजूला नेऊन बसवलं, एकानं डोक्याला पाणी लावलं, एकानं उपरण्यानं वारा घातला, दोघांनी हात धरून ठेवले. "भोवळ आली बुवांना. दुःख सोसेना." बुवा हिसके देत होते आणि हात धरणारे त्या हातांना डोळे लावून पाया पडत होते.

मध्यान्हीच्या आत खांड बुजली. पाच होड्या जाणार होत्या, तिथून मुंगी जाईना. जयजयकार झाला. अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. पोशानाना थरथरत बांधावर आडवे पडले आणि आकाशाकडं बघून हसले.

खाडी मात्र चढतच होती. तिला पसरायला जागा उरली नव्हती. दोन्ही बांधांच्या कडेला, काठोकाठ भरलेल्या परातीसारखी उभी राहिली. एवढ्या हातांनी बांधलेली माणखारची खांड. ती हलली नाही.

समोर, आंबेखारच्या बांधाच्या माथ्याला, हातरुमालाएवढा काळा डाग दिसला. खेकड्याचं बीळ असेल. एका टाचेचं काम होतं. डाग ओघळ झाला, ओघळाची धार झाली, आणि मग बांध, थकलेला माणूस खाली बसावा तसा, बसला.

परेशनं शंख तोंडाला लावला. त्यानं तो जीव जाईस्तोवर वाजवला. पण कुणासाठी? तो ऐकून धावणारे सगळे त्याच्याभोवतीच उभे होते.

होड्या टाकल्या, पण खांडीच्या ओढीनं त्या उलट्या फिरल्या. काठावरून दिसत होतं. गावात कोण राहिलं होतं? ज्यांना धावता येत नव्हतं ती. खाटेवरची, आणि त्यांच्याजवळ सोडलेली तान्ही. ज्यांना चढता आलं ती छपरांवर चढली.

खाडी हळूहळू उतरायला लागली. माणखारच्या बांधावरून पाणी दोन बोटं खाली गेलं, मग चार. यंत्रानं सांगितलं होतं, एक काठ गेला की दुसरा वाचेल. वाचला. दारं नसलेली घरं, उंबरठे नसलेली घरं, एकही माणूस नसलेलं गाव. सकाळी आत शिरलेलं पाणी उघाडीतून निघून गेलं आणि संध्याकाळी बापदेवाच्या मंडपातली फरशी वाऱ्यानं वाळली.

सुगंधाबाई दाराशीच सापडली. खाट पळाली नव्हती. कणगी उपडी झाली होती, भिजून फुगलेला भात खाटेभोवती, अंगावर, सगळीकडं पसरला होता, कुणी ओटी भरावी तसा.

पुढचं थोडंच आहे. आंबेखारचे वाचलेले लोक आता माणखारच्या घरांत राहतात. माणखारवाल्यांनी घरं दिली, दारं परत आणून बसवून दिली. हर्षालीला कुणी वाईट बोलत नाही. म्हणतात, "बाय, तूच बरोबर होतीस." ती ते ऐकते आणि पुढच्या हिवाळ्याचे आकडे वाचून दाखवते. उंचवटे आता दर दोन-तीन वर्षांनी येतात. हसुरामबुवा कीर्तनाला येतात, मागं बसतात. एकदा फार आग्रह झाला म्हणून उभे राहिले. "देव कुठं हाय?" एवढं विचारलं. सवयीनं सगळा मंडप उत्तर द्यायला पुढं सरसावला, आणि बुवा खाली बसले.

शंख परेशपाशी आहे. मागच्या वर्षी खाडीच्या वरच्या अंगाला दुसऱ्या गावात खांड पडली, त्यानं वाजवला. लोक उठले नाहीत. सगळ्यांनी आधी हर्षालीकडं बघितलं. ती म्हणाली, "जाऊ नका." आकड्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. माणसं जागची हलली नाहीत, आणि कुणाच्याही पायाला चिखल लागला नाही.

हर्षाली एकच गोष्ट विचारते, आणि ती मला सुटत नाही. म्हातारीला सगळं कळलं होतं. परात तिच्याच गोधडीवर सांडली होती, हिशेब तिनं परत म्हणून दाखवला होता. कळलं असताना तिनं कणगी का दाखवली? शेजारपाजारच्या पाळण्यांचा विचार तिनं केला नसेल का? की केला, आणि तरीही? मी कितीतरी कीर्तनं ऐकली. याचं उत्तर देणारे बुवा मला भेटले नाहीत.

म्हणून तुमच्याकडं एवढंच मागणं. आज घरी जाल, जेवायला बसाल, पहिला घास हातात घ्याल, तेव्हा सुगंधाबाईचं नाव घ्या. ती बरोबर होती म्हणून नका घेऊ. ती बरोबर नव्हती. शंख वाजवायला हवा असं तिला वाटलं, तिला उठता येत नव्हतं, आणि तिनं आपल्याजवळचं शेवटचं माणूस उठवून पाठवलं. त्या घासातलं भाताचं एक शीत ताटाबाहेर ठेवा आणि तिची आठवण करा.